काऊ : सकर्मक

सातवीचा वर्ग, जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली,
खिचडीचा वास अजून बोटांना.
करुणा तेलगोटेनं डिक्शनरीतून मान वर केली.
"मॅडम, काऊ म्हंजे गाय ना?"
हो.
"मंग इथं दुसरंच काहून लिवलं?"

वाळवीनं कडा खाल्लेल्या पानावर, बारीक टायपात:
काऊ, क्रियापद. धाकात घेणे.
समोरच्याची हिंमत काढून घेणे.

वर्ग हसला.
ही सोमाजी गायक्याची पोरगी.
गावाची साठ-सत्तर जनावरं रोज तिच्या बापाच्या काठीमागं जातात,
तिला गाईबद्दल मी काय सांगावं!
"गाय कोणाले भेवाडते, मॅडम?
आमची कपिली तं फाटक वाजलं तरी मुतते."

मी म्हटलं, हा शब्द गाईचा नव्हेच.
थंड मुलखातून, समुद्र ओलांडून आला म्हणतात.
गाईशी नातं फक्त आवाजाचं,
जसा कर म्हणजे हात,
आणि कर म्हणजे ग्रामपंचायतीची पावती.
पवन चिंचोळकर म्हणाला, "दोन्ही खिशातच जातात."

फळ्यावर लिहिलं: सकर्मक.
म्हणजे नुसतं धाकात घेता येत नाही,
कुणाला तरी घ्यावं लागतं.
करा वाक्यं.

वाघानं बकरीला.
बकरी पळाली का? मग ती नुसती घाबरली.
पाय मोकळे असून जागीच उभी राहिली,
मान खाली घातली,
तर क्रियापद पुरं झालं.

थंडीनं मला.
नाही रे. थंडीला आपल्याकडून काही नको असतं.

करुणा उठली, खडू घेतला,
आणि कर्मणी प्रयोगात लिहिलं:
माय फादर वॉज काऊड.

बाय राहिलं, मी म्हटलं. कोणाकडून?
"थे नाही लिवलं तं चालते का?"
चालतं.
कर्ता गाळायची सोय व्याकरणातच आहे.

तसं गावाला ठाऊक होतं.
आखराभोवती तार पडली त्या महिन्यातली ग्रामसभा.
सोमाजी उभा राहिला, टोपी हातात,
"आखर गावाचं हाय," एवढंच म्हणाला.
तार ओढणारा ओरडला नाही.
मोबाईलवरून नजर उचलली, हसला,
"सोमाजी, तुही पोरगी सातवीत ना औंदा?
लय हुशार हाय म्हंतात."

सोमाजी बसला.
खुर्ची सरकल्याचा आवाजही झाला नाही.
तो सतरंजीवर होता.

खुर्चीवर मी होते. दुसरी रांग, पंख्याखाली.
पर्समध्ये शाळेच्या वॉटर फिल्टरची पावती,
देणगीदाराच्या जागी तेच नाव.
पुढचा विषय नालीचा निघाला
आणि मी त्यावर बोलले. बरीच बोलले.

वाक्य बरोबर होतं.
मी बरोबरची खूण केली.
व्हरांड्यात मुख्याध्यापकांच्या चपला वाजल्या
आणि डस्टर कधी हातात आलं कळलं नाही.
मला कुणी काही म्हटलं नव्हतं.

करुणानं वहीत उतरवून घेतलं होतं तोवर,
शेवटी बाय,
आणि पुढं कोरी रेघ,
पट्टीनं आखलेली.

आता संध्याकाळी गोहन लांबून येतं,
तारेला वळसा घालून, नाल्याच्या काठाकाठानं.
शाळेच्या खिडकीतून धूळ दिसते.
कपिली मात्र जुन्या तोंडाशी थांबते रोज,
तारेला नाक लावून.
हाकलायचं तर एक हाळी पुरे.
सोमाजी हाकलत नाही,
काठी खांद्यावर आडवी टाकून
तोही उभा राहतो तिच्या मागं,
ती वळेपर्यंत.